वाचक विचारतात: आदिजेच्या काठाने सायकल, वरून खाली

मागच्या अंकात मी उत्तर इटलीतल्या आदिजे नदीच्या खोऱ्यातून सायकलवर उतरल्याचे दोन परिच्छेद काय लिहिले, पत्रांचा ढीगच आला. बऱ्याच जणांना वाटलं की मी आल्प्स चढून आले, तर तो गैरसमज आधी काढून टाकते, मी आल्प्स उतरले. चढायचं काम बसने केलं. म्युनिकमध्ये राहते त्यामुळे तीन वेळा जाणं झालं, एकदा एकटी, एकदा नवऱ्याबरोबर आणि एकदा सासूबाईंना ई-बाइकवर बसवून. जे स्वतः केलंय तेवढंच सांगते.

ताई, मी ६२ आणि ही ५९. दर रविवारी कोथरूडहून खडकवासल्यापर्यंत जाऊन येतो. आम्हाला जमेल का? सुरुवात कुठून करायची आणि रोज किती किलोमीटर?
— एक जोडपं, पुणे

काका, खडकवासला करून येताय म्हणजे जमणारच, प्रश्न पायांचा नाहीये, घाईचा आहे. लोक नकाशा बघतात, ऑस्ट्रिया-इटली सीमेवरची रेशेन खिंड ते वेरोना साधारण ३०० किलोमीटर, आणि म्हणतात चला चार दिवसांत उरकू. तुम्ही सात दिवस घ्या. रेशेनची खिंड १५०४ मीटरवर आहे आणि वेरोना साठ मीटरच्या आसपास, म्हणजे एकूण हिशेब उताराचाच. खिंडीच्या उत्तरेला पडलेलं पाणी इन नदीतून डॅन्यूबला मिळून काळ्या समुद्रात जातं आणि दक्षिणेला पडलेलं आदिजेतून एड्रियाटिकला. तुम्ही दक्षिणेच्या पाण्याबरोबर निघायचं.

खिंडीपर्यंत पोचायचं कसं, तर ऑस्ट्रियातल्या लांडेकपर्यंत ट्रेन आहे, पुढे बस. सायकल चढवून घेणारी बस हवी असेल तर आधी फोन करून विचारायचं, प्रत्येक बसला मागे स्टँड नसतो आणि असला तरी जागा मोजक्याच. हौस असेल तर स्वित्झर्लंडमधल्या मार्तिनाहून अकरा हेअरपिन वळणं चढून खिंडीजवळच्या नाउडर्सला येता येतं, पण काकूंना विचारून ठरवा.

दिवस मी असे पाडीन: पहिल्या दिवशी खिंडीजवळच्या रेशेनच्या तळ्याकाठून ग्लुर्न्सपर्यंत, जेमतेम तीस किलोमीटर. हे तटबंदीतलं गाव इतकं छोटं आहे की वेशीतून आत शिरलात की दोन मिनिटांत दुसऱ्या वेशीतून बाहेर, मुक्काम मात्र इथेच करा, संध्याकाळी सगळे टुरिस्ट निघून गेल्यावर कमानींखाली बसायला फार छान वाटतं. दुसऱ्या दिवशी नाटुर्न्स, तिसऱ्या दिवशी मेरान करून बोत्सेन, चौथा दिवस बोत्सेनमध्येच सायकल लावून ठेवायची आणि म्युझियममध्ये ओत्झीला भेटायचं. हो तोच, ५००० वर्षांहून जुना बर्फातला माणूस, १९९१ साली ३२१० मीटरवर सापडलेला, दुसऱ्या दिवशी तुम्ही ज्या श्नाल्स खोऱ्याच्या तोंडावरून जाता त्याच्याच वरच्या डोंगरात. पाचवा दिवस बोत्सेन ते त्रेन्तो, साधारण ६५ किलोमीटर, लांब पण सपाट. मग रोवेरेतो, मग वेरोना.

दोन ठिकाणी मात्र उतार जपून. एक, तळी संपली की बुर्गाइसच्या आधी रस्ता एकदम खाली कोसळतो, तिथे डावीकडे डोंगरावर पांढरा मठ दिसेल की उजवीकडे हे बघत बसू नका, आधी थांबा मग बघा (मठ मारिएनबर्गचा, बेनेडिक्टिन लोकांचा, १३४० मीटरवर). दुसरी जागा म्हणजे मेरानच्या आधी ट्योल, तिथे खोऱ्यालाच पायरी आहे, दोनेकशे मीटर झटक्यात खाली, सायकलवाट घट्ट वळणं घेत फोर्स्टच्या बिअर कारखान्यापाशी उतरते. पहिल्या वेळी माझ्या भाड्याच्या सायकलचे ब्रेक पॅड पार झिजलेले होते, दुकानदाराने दिली तशी मी घेतली होती, आणि ट्योलला मी अर्धी वळणं चालत उतरले. तेव्हापासून दुकानातच पुढचा ब्रेक दाबून सायकल ढकलून बघते, दुकानदार काय म्हणेल ते म्हणो.

उतार आहे म्हणता, पण एका मित्राने सांगितलं की बोत्सेनच्या खाली पाय तुटतात. खरं काय?
— एक वाचक, डोंबिवली

दोन्ही खरं. मित्र दुपारी निघाला असणार.

या खोऱ्यात चढापेक्षा वाऱ्याचं वेळापत्रक पाठ करा. वरच्या भागात, म्हणजे फिन्शगाउमध्ये, रेशेनकडून खाली येणारा वारा असतो, तिथले लोक त्याला ओबरविंड म्हणतात, तो तुमच्या पाठीत असतो त्यामुळे तुम्हाला वाटतं वा काय फिटनेस आहे आपला. बोत्सेनच्या पुढे चित्र उलटं. ऊन चढलं की डोंगरांच्या उतारावरची हवा तापून वर जाते आणि तिची जागा घ्यायला खालून, मैदानाकडून आणि गार्डा सरोवराकडून हवा खोऱ्यात शिरते. दक्षिणेकडून येणाऱ्या या वाऱ्याला ओरा म्हणतात, दुपारी सुरू होतो आणि थेट तोंडावर. गार्डावरचे विंडसर्फिंगवाले याच वाऱ्याची वाट बघत बसलेले असतात आणि सायकलवाले त्यालाच शिव्या देत असतात. रात्री हवा थंड होऊन परत खाली वाहते म्हणून सकाळी वारा एकतर नसतो नाहीतर पाठीवर असतो.

तर सकाळी सातला निघायचं आणि एकच्या आत मुक्कामाला पोचायचं, एवढं केलं तर ६५ किलोमीटर म्हणजे काहीच नाही. नऊला आरामात नाश्ता करून निघालात तर शेवटचे वीस किलोमीटर म्हणजे शिक्षा, कारण तिथे वाट नदीच्या बांधावरून जाते, सरळ, सावली नाही, एका बाजूला हायवे आणि दुसऱ्या बाजूला रेल्वे.

खरं सांगायचं तर बोत्सेन ते सालुर्न हा बांधावरचा तुकडा मला कंटाळवाणाच वाटतो. पायात दम असेल तर बोत्सेनहून जुन्या रेल्वेमार्गावर केलेल्या वाटेने आधी वर काल्टर्नला जा (चढ आहे, पण आगगाडीचा चढ, म्हणजे हळूहळू), द्राक्षबागांतून काल्टर्नच्या तळ्यावर उतरा, पोहा, आणि मग औअरच्या आसपास परत नदीला लागा. थोडा वेळ जास्त जातो, पण जाऊ दे की.

मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. सायकलपेक्षा मला तिथल्या बागा बघायच्यात. कधी यावं? आणि गारठ्यात ते झाडांवर पाणी मारतात म्हणे, ते कसं काय?
— एक शेतकरी, नाशिक जिल्हा

दादा, तुमचं पत्र वाचून मला फार बरं वाटलं, कारण या वाटेवरून जाणारे निम्मे लोक सफरचंदांपुढे सेल्फी काढतात आणि पुढे जातात. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा घसरला की तुम्ही बागेत शेकोट्या पेटवता, पहाटे पाणी सोडता, तोच प्रश्न यांना एप्रिलमध्ये पडतो, बहर असताना. फुलं उमललेली आणि रात्री तापमान शून्याच्या खाली.

मग हे काय करतात, तर झाडांवर वरून स्प्रिंकलरने पाणी मारत राहतात, रात्रभर. पाणी फुलावर गोठतं, आणि गोठताना पाणी उष्णता सोडतं, एक ग्रॅमला जवळपास ८० कॅलरी. त्यामुळे बर्फाच्या आतलं फूल शून्य अंशाच्या आसपास टिकून राहतं, त्याखाली जात नाही. गोम अशी आहे की पाणी मधेच थांबवलं तर बर्फ वाऱ्याने उलट जास्त गार होतो आणि न मारण्यापेक्षा जास्त नुकसान. म्हणून एकदा सुरू केलं की सकाळी ऊन येऊन बर्फ सुटेपर्यंत चालूच. पहाटे सहाला त्या वाटेवरून जायचं आणि सगळी बाग काचेची, आत पांढरी-गुलाबी फुलं, सूर्य आला की सगळीकडून टपटप टपटप. मी पाहिलंय, सायकल बाजूला टाकून नुसती उभी राहिले होते, बोटं बधिर. आणि तुमच्यासारख्याला त्यात पंपाचा आवाज आणि विजेचं बिलही ऐकू येईल.

पाणी येतं कुठून, हाही प्रश्न पडेलच, कारण फिन्शगाउ हा आल्प्समधला अगदी कोरडा पट्टा, वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आपल्या माण-खटावची आठवण यावी इतका. डोंगरांवरून वितळलेल्या बर्फाचं पाणी शेकडो वर्षांपासून पाटांनी आणलंय. या पाटांना ते वाल म्हणतात आणि पाटाच्या कडेने पाटकऱ्याला फिरायला जी पायवाट असायची त्याच आता लोकांच्या फिरायच्या वाटा झाल्यात. मेरानजवळचा मार्लिंगचा पाट १२ किलोमीटर आहे, एक दिवस सायकल ठेवून चाला.

कधी यायचं: बहर एप्रिलमध्ये, तोडणी ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत, वाणाप्रमाणे. तुम्ही सप्टेंबरच्या शेवटी या, कारण तेव्हा खाली द्राक्षाची काढणीही चालू असते. आणि तिथे तुम्हाला ओळखीचं काहीतरी दिसेल. बोत्सेनच्या खाली आणि त्रेन्तोच्या बाजूला जुन्या बागा मांडवावर आहेत, लाकडी मांडव, एका बाजूला तिरका चढवलेला, त्याला ते पर्गोला म्हणतात. नवीन लोक तारांवर गेलेत आणि मांडव चांगला की तार यावर वाद आहे, म्हणजे तुम्हाला बोलायला विषय मिळाला. सान मिकेले आल आदिजे नावाचं गाव वाटेवरच लागतं, तिथली शेतकी संस्था १८७४ पासून आहे, आधी लिहून विचारलंत तर बघायला मिळण्याची शक्यता चांगली.

दक्षिण तिरोलमध्ये, म्हणजे रेशेनपासून सालुर्नपर्यंतच्या या प्रांतात, सफरचंदाखाली सुमारे १८ हजार हेक्टर आहे पण एकेकाचं क्षेत्र बघाल तर दोन-तीन हेक्टर, आणि माल जातो सोसायटीत, शीतगृह, प्रतवारी, विक्री सगळं सोसायटीचं. फवारणीचा वादही आहेच. माल्स गावात २०१४ साली कीटकनाशकांवर मतदान झालं आणि मत देणाऱ्यांपैकी चारात तीन जणांनी बंदीच्या बाजूने कौल दिला, मग पुढे कोर्टकज्जे. वाट बागांच्या मधून जाते म्हणून सगळ्यांनाच सांगते, फवारणीचा ट्रॅक्टर दिसला तर थांबा, तो ओळ संपवून वळला की मग जा. आणि फांदी वाटेवर आली असली तरी फळ तोडायचं नाही. कोपऱ्याकोपऱ्यावर पेट्या ठेवलेल्या असतात, नाणं टाका, सफरचंद घ्या.

आम्ही पूर्ण शाकाहारी, अंडंही खात नाही. सात दिवस काय खायचं?
— एक वाचक, सांगली

अंडं नाही म्हटल्यावर थोडी पंचाईत आहे, खोटं कशाला बोलू. तिथला क्न्योडेल म्हणजे शिळ्या ब्रेडचे उकडलेले गोळे, पालकाचे किंवा चीजचे मिळतात पण अंडं त्यात असतंच. श्लुत्सक्राप्फन म्हणजे पालक भरलेल्या करंज्याच समजा, दिसायला एकदम घरच्या, पण पिठात अंडं. कायझरश्मारन तर अंड्याचंच. अंडं खाणाऱ्यांनी या तिन्ही गोष्टी जरूर खाव्यात, बाकीच्यांनी हेवा करावा.

तुम्ही काय खाल: सुकवलेला पास्ता साध्या टोमॅटोच्या रश्शात (ताज्या पास्त्यात अंडं असतं, सुक्यात शक्यतो नसतं, तरी विचारायचं), पोलेंता म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट उपमा, भाजलेल्या भाज्या, पिझ्झा, बटाटे. सूप शाकाहारी दिसलं तरी पाणी मटणाचं असू शकतं. श्पेक नावाचा वाळवलेला डुकराचा तुकडा ही माणसं आपण कोथिंबीर टाकतो तशी सगळ्यावर टाकतात, म्हणून जर्मन बोलणाऱ्या भागात 'ओने फ्लाइश, ओने श्पेक, ओने आय' आणि त्रेन्तोच्या पुढे 'सेंत्सा कार्ने, सेंत्सा उओवा' हे पाठ करून ठेवा. चीजमधलं रेनेट (दूध फाडायला घालतात ते, बऱ्याचदा वासराच्या पोटातलं) चालत नसेल तर तेही विचारावं लागेल, पार्मेझानमध्ये वासराचं असतं.

आणि वेळ! दोन वाजता स्वयंपाकघर बंद झालं की साडेसहापर्यंत कोणी चूल पेटवत नाही. रविवारी गावातली दुकानं बंद. श्युट्टेलब्रोट नावाची कडक भाकरी मिळते, राईच्या पिठाची, बडीशेपेच्या वासाची, महिनाभर टिकते, तिच्यासोबत आपली शेंगदाण्याची चटणी. सासूबाईंनी सांगलीचीच आणली होती, त्यामुळे मला माहितीये. त्रेन्तो प्रांतात वाटेवर सायकलवाल्यांसाठीच बिचीग्रिल नावाच्या टपऱ्या आहेत, तिथे कॉफी, सँडविच, नळ, पंप सगळं.

आमचा मुलगा सहा वर्षांचा आहे. म्युनिकहून तीन-चार दिवसांसाठी जाता येईल असं काही?
— एक आई, म्युनिक

तुझ्यासाठी आदिजे नको, शेजारची द्राव नदी घे. इनिखेन, म्हणजे इटालियनमध्ये सान कांदिदो, तिथून ऑस्ट्रियातल्या लिएन्त्सपर्यंत साधारण ४४ किलोमीटर, पाचशे मीटर उतार, मोटारींपासून जवळजवळ पूर्ण वेगळी वाट. सायकल इनिखेनला भाड्याने घ्यायची, लिएन्त्सला देऊन टाकायची आणि ट्रेनने परत. मधे हाइनफेल्सला वेफरचा कारखाना आणि त्याचं दुकान-कॅफे आहे, तिथे मुलगा उतरल्यावर परत सायकलवर बसवणं हाच काय तो चढ.

जुलै-ऑगस्टमध्ये मात्र अख्खी इटली तिथे असते, आजी-आजोबा, कुत्रा टोपलीत, रुळांसारखी रांग. जून किंवा सप्टेंबर बघ. सीमा कधी ओलांडली कळतही नाही, पण ऑस्ट्रियात बारा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं आहे. आणि ट्रेनची कामं त्या मार्गावर अधूनमधून निघतात, निघायच्या आधी बघ.

थोडक्यात उत्तरं

व्हिसा: शेंगेनचा एकच, ज्या देशात जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज, सारख्या असतील तर आधी जिथे उतरता तिथे. पासपोर्ट खोलीवर ठेवू नका, जवळ ठेवा.

पुण्याहून स्वतःची सायकल आणणं: आणा, पण खोका, विमानाचं भाडं, जोडणी, परतीला परत खोका शोधणं… एका आठवड्यासाठी मी भाड्याची घेईन. माल्स, मेरान, बोत्सेन या स्टेशनांजवळ भाड्याने मिळतात, एकीकडे घेऊन दुसरीकडे देता येतात.

माल्स ते मेरान ट्रेन: ६० किलोमीटरची लाइन, १९०६ ची, नव्वदच्या सुमारास बंद पाडली आणि २००५ मध्ये परत सुरू केली. कामं निघाली की गाड्या बंद ठेवून बस सोडतात, बसमध्ये सायकल घेतीलच असं नाही, आधी विचारा.

रात्री चालवणं: करू नका. केलंत तर इटलीत गावाबाहेर अंधार पडल्यावर आणि बोगद्यात चकाकणारं जाकीट सक्तीचं आहे.

स्टेल्व्हिओचा घाट (ठाण्याच्या तिघा मित्रांनी विचारलंय): प्रादपासून वर २७५७ मीटर, ४८ वळणं, आकडे घातलेली. सिंहगड पायथ्यापासून सलग तीनदा चढल्याएवढी उंची. जा बाबांनो, पण शनिवार-रविवारी मोटरसायकलींचा जो आवाज असतो तो ऐकून १८२५ ला घाट बांधून पुरा करणाऱ्यांनी हात जोडले असते. पहाटे निघा.

गावांची दोन-दोन नावं का: पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या तहाने हा तिरोलचा तुकडा ऑस्ट्रियाकडून इटलीला गेला, मुसोलिनीच्या काळात सगळ्या गावांना इटालियन नावं चिकटवली, लोक जर्मनच बोलत राहिले. माल्स म्हणजेच माल्लेस, ग्लुर्न्स म्हणजेच ग्लोरेन्झा, बोत्सेन म्हणजेच बोल्झानो, आणि आदिजेलाही वर एच म्हणतात. सालुर्नला खोरं अरुंद होतं, तिथून पुढे एकच नाव.

तळ्यातल्या त्या देवळाच्या मनोऱ्याबद्दल लिहा ना. आमचं गाव कोयनेत गेलं. फोटो बघितल्यापासून डोक्यातून जात नाही.
— एक वाचक, सातारा

तुमचं पत्र मी दोन-तीनदा वाचलं.

रेशेनच्या तळ्यात जो मनोरा उभा दिसतो तो ग्राउन गावच्या चर्चचा, चौदाव्या शतकातला. आधी तिथे वेगवेगळी लहान तळी होती. विजेसाठी धरण बांधायचं ठरलं, सुरुवातीची योजना पाणी थोडंसंच वाढवायची होती, मग ती २२ मीटरवर गेली. जाहीर नोटीस लागली ती इटालियनमध्ये, आणि गाव जर्मन बोलणारं. गावचे पाद्री पार रोमला पोपपर्यंत जाऊन आले, काही झालं नाही. १९५० च्या उन्हाळ्यात घरं सुरुंगाने पाडली, पाणी चढलं. १६३ घरं आणि पाचशेवर हेक्टर जमीन गेली, तीही कशी, तर तळाची, सपाट, गुरांच्या चाऱ्याची. वर उरला खडक. चर्चही पाडलं, मनोरा मात्र जुनी वास्तू म्हणून ठेवला. घंटा आधीच उतरवून नेल्या होत्या, तरी हिवाळ्यात तळं गोठलं की घंटा ऐकू येते असं लोक सांगतात.

सायकलवाट तळ्याच्या दोन्ही बाजूंनी आहे. पूर्वेच्या काठाने गेलात तर मनोऱ्यासमोर पार्किंग, बस, आइसक्रीम, फोटोची रांग. मी पहिल्यांदा तिथेच थांबले आणि फोटो काढला, सगळे काढतात. दुसऱ्या वेळी पलीकडच्या काठाने गेले, तिथून मनोरा लांब आणि छोटा दिसतो आणि मागे डोंगराच्या पायथ्याला नवं ग्राउन दिसतं, दोन्ही एका नजरेत. तुम्ही तिकडूनच जा असं मला वाटतं. २०२१ मध्ये कामासाठी तळं बरंच उतरवलं होतं तेव्हा जुन्या घरांच्या पायऱ्या, जोती, भिंती उघड्या पडल्या होत्या, उजनीत पाणी आटलं की पळसदेवचं देऊळ दिसतं आणि लोक धावतात, तसे तिथेही लोक आले होते.

नव्या गावात एका खाणावळीत मी नकळत विचारून बसले की मनोऱ्यामुळे धंदा बरा चालत असेल ना. बाई म्हणाल्या, चालतो. आणि भांडी उचलून आत गेल्या. तुम्ही गेलात तर तुम्ही कोयनेचे हे त्यांना सांगा, तुमच्याशी वेगळं बोलतील.

शेवट गार्डावर करायचा की वेरोनाला? दोन्ही होत नाहीये.
— एक वाचक, बंगळुरू

रोवेरेतोला संध्याकाळ काढा आणि तिथेच ठरवा. टेकडीवर एक प्रचंड घंटा आहे, पहिल्या महायुद्धात लढलेल्या देशांच्या तोफा वितळवून ओतलेली, रोज रात्री शंभर ठोके देते.

गार्डासाठी मोरीहून उजवीकडे वळायचं. वाटेत लोप्पिओ नावाचं तळं नकाशात दिसेल पण पाणी शोधू नका. आदिजेचा पूर गार्डात सोडायला इथे डोंगरातून दहा किलोमीटरचा बोगदा खणला, १९३९ ते १९५९, आणि त्या खोदकामात हे तळं आटलं, आता दलदल आहे. मग २८७ मीटरची छोटी खिंड, नागो, आणि अचानक खाली सगळं निळं. तोर्बोलेपर्यंतचा उतार फार तीव्र आहे, ब्रेकचं मघाशी सांगितलंच. खाली पोचलात की पोहायचं.

वेरोनाची वाट जास्त शांत. दोन्ही बाजूंना डोंगर जवळ येतात, पुढे बिफ्फिस कालव्याच्या कडेने सपाट रस्ता, रिव्होलीजवळ शेवटची घळ, जिथे १७९७ च्या जानेवारीत नेपोलियन ऑस्ट्रियन सैन्याशी लढला, आणि घळीतून बाहेर पडलात की एकदम मैदान. इतके दिवस डोंगर दोन्हीकडे असण्याची सवय झालेली असते त्यामुळे तिथे जरा उघड्यावर पडल्यासारखं होतं. मी वेरोना घेईन, पण जुलै-ऑगस्ट असेल तर गार्डा, कारण वेरोनाला तेव्हा भट्टी असते.

परतीचं: वेरोनाहून म्युनिकला थेट गाडी आहे, ब्रेनर खिंडीवरून, सायकलसकट, पण सायकलचं रिझर्व्हेशन वेगळं आणि जागा थोड्या. ते तिकीट निघायच्या आधी काढा, बाकी हॉटेलं वगैरे वाटेत बघता येतात. आम्ही ते विसरलो होतो आणि मग लोकल गाड्या बदलत बदलत रात्री घरी पोचलो, सासूबाई म्हणाल्या उद्या परत वरून सुरू करू या का.